किडनीचा कॅन्सर नाकात कसा गेला?

बाबांना भेटायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो. किडनी कुठे, नाक कुठे! तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मे महिन्यात बाबांचा घोळणा फुटला. उष्णता झाली असेल म्हणून आईने कांदा हुंगायला दिला, टाळूवर गार पाणी थापटलं. थांबलं. चार दिवसांनी पुन्हा, आणि दर वेळी डाव्याच नाकपुडीतून. एका सकाळी उशीचा अभ्रा भिजलेला दिसला, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घातली. पडद्यावर पिकल्या जांभळासारखी गाठ दिसली, हात लावला तर फुटेल अशी. तुकडा काढायला घेतलेला चिमटा त्यांनी खाली ठेवला. "आधी कुठलं ऑपरेशन झालंय?"

बाबा म्हणाले, "नाही." मीही गप्प. अकरा वर्षांपूर्वी उजवी किडनी काढली होती, पाच वर्षं तपासण्या केल्या, मग आम्ही तो विषय मिटवून टाकला. नाकाशी त्याचा काय संबंध? आईच म्हणाली, "अहो, किडनी काढलीय ना!"

संबंध असा. हा कॅन्सर रक्तातून फिरतो. एरवी तो फुप्फुसं, हाडं, यकृत गाठतो. पण पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे आणि त्या शिरांना झडपा नाहीत. बॅटसन नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने १९४० साली ते दाखवून दिलं. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की तिथलं रक्त फुप्फुसांना वळसा घालून वर, डोक्याकडे चढू शकतं. दुसरी वाट हृदय-फुप्फुसांतून. घडतं क्वचितच, पण शरीरात दूरवरून नाकात आणि सायनसमध्ये येणाऱ्या गाठींत किडनीचाच पहिला नंबर लागतो. तेही कधी कधी दहा वर्षं उलटून गेल्यावर.

आणि रक्त का? या पेशींतला व्हीएचएल नावाचा जनुक बहुधा बिघडलेला असतो. मग भरपूर ऑक्सिजन असूनही पेशींना तो कमी पडतोय असं वाटतं आणि त्या नव्या रक्तवाहिन्या मागवत राहतात. पेशींना ऑक्सिजन कसा कळतो, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. बाबांच्या गोळ्या याच नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात, हे कळलं त्या रात्री मी कितीतरी वेळ त्या स्ट्रिपकडे बघत बसले होते.

त्या दिवशी ओपीडीतच तुकडा काढला असता तर रक्त आवरणं कठीण झालं असतं. नंतर मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा आधी बंद केला, मग गाठ काढली.

घोळणा फुटला की कॅन्सरच, असं अजिबात नाही; बहुतेकांचं कारण साधंच असतं. पण एकाच बाजूने वारंवार रक्त येत असेल आणि पूर्वी किडनीचं ऑपरेशन झालं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं.

आता बाबांच्या फाइलवर आईने लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : उजवी किडनी नाही.