चहावाल्यांचा कॉम्प्युटर

हॅमरस्मिथ रोडवर पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे लंडनला आल्यावर कॅडबी हॉलची जागा बघायचीच होती. चहाची दुकानं चालवणाऱ्या जे. लायन्स कंपनीचं ऑफिस आणि बेकऱ्या इथे होत्या. जुनं काही उरलेलं नाही, सगळ्या नव्या इमारती. पण १९५१च्या नोव्हेंबरअखेर इथेच 'लिओ' नावाचा कॉम्प्युटर बेकरीच्या मालाचा हिशेब नेमाने करू लागला. कंपनीने तो स्वतः बांधला होता!

दुसऱ्या दिवशी यूस्टनहून ब्लेचलीची गाडी धरली. तिथल्या संग्रहालयात केंब्रिज विद्यापीठाने बांधलेल्या एडसॅक या कॉम्प्युटरची प्रतिकृती आहे. लायन्सने एडसॅकसाठी ३,००० पौंड दिले आणि त्याच्याच आराखड्यावरून लिओ उभारला. लिओत सुमारे ६,००० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या होत्या. स्मरणशक्ती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांमध्ये. आकडा ध्वनीच्या ठोक्यांच्या रूपाने नळीच्या एका टोकाने शिरायचा, दुसऱ्या टोकाला पकडून पुन्हा आत सोडायचा. दुकानात पाठवलेलं पोर 'साखर, पत्ती, आलं' घोकत जातं ना, अगदी तसं. प्रोग्रॅमसुद्धा असाच घोकत ठेवलेला. प्रतिकृतीत पाऱ्याऐवजी निकेलच्या तारा आहेत.

पण मला खरं अप्रूप वाटतं ते पुढच्या कामाचं. शास्त्रज्ञाचं गणित म्हणजे आकडे थोडे, आकडेमोड फार. पगाराचं उलटं: हजारो माणसांची माहिती आत, हजारो पावत्या बाहेर, मधली बेरीज-वजाबाकी किरकोळ. माहिती वाचण्यातच वेळ गेला तर वेगवान यंत्र नुसतं ताटकळणार. म्हणून लायन्सचे इंजिनियर जॉन पिंकर्टन यांनी लिओला आत-बाहेर जाण्याच्या अनेक वाटा दिल्या. एकाचा हिशेब चालू असताना दुसऱ्याची माहिती वाचून तयार.

लायन्सच्याच डेव्हिड कॅमिनर यांनी लिओवरच्या कामाची मांडणी केली. चहाच्या दुकानांची मागणी रोज नव्याने भरायचीच नाही. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी आधीच नोंदलेली. दुपारी व्यवस्थापक बाईंना फोन जायचा आणि त्या फक्त बदल सांगायच्या: आज पाव इतके कमी, केक इतके जास्त. कानाला हेडफोन लावलेली ऑपरेटर ऐकता ऐकता तेवढेच बदल, यंत्राला वाचता येतील अशी भोकं पाडून, कार्डांवर नोंदवायची.

आमच्याकडेही महिनाअखेरीला पगार पुन्हा भरत नाहीत. रजा आणि ओव्हरटाइम, एवढंच भरतात.