न्यायाधीश कोणाचा?

"निकाल राहू दे, आधी सांग, न्यायाधीश कोणाचा?"

हायकोर्टाच्या निकालाची बातमी मी मोठ्याने वाचत होतो, तर काकांनी मध्येच थांबवलं. 'कोण' नाही, 'कोणाचा'. तो 'चा' सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

"असं नसतं हो काका," मी जरा चिडूनच म्हणालो.

ते हसले. "२०२४ च्या मार्चमध्ये कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय राजीनामा देऊन दोनच दिवसांत भाजपमध्ये गेले. पुढे खासदारही झाले. आता त्यांचे जुने निकाल मी कसे वाचू?"

मला उत्तर सुचलं नाही. मग (नेहमीप्रमाणे उशिरा) कृष्णा अय्यर आठवले. १९५७ च्या केरळमधल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री, पुढे तिथल्याच हायकोर्टात न्यायाधीश. विचारांनी डावे राहिले, पण कुणाच्या दावणीला बांधलेले वाटले नाहीत, मला तरी. माणूस कुठून आला यापेक्षा खुर्चीवरून उठून थेट कुठे गेला, हे जास्त खटकतं बहुधा.

संध्याकाळी आणखी एका निकालाची बातमी उघडली. निकाल वाचायच्या आधी मी न्यायाधीशांचं नाव शोधत होतो.

तुमचंही असं होतं का?