तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना मी त्या माशाच्या दुकानात का नेते

पुण्याहून, चिपळूणहून कोणीही न्यूयॉर्कला आलं की मी त्यांना लोअर ईस्ट साइडला 'रस अँड डॉटर्स'मध्ये नेतेच, आणि मग हमखास प्रश्न येतो, अगं एवढं मोठं शहर पडलंय आणि त्या ज्यू माणसाच्या खाऱ्या माशांच्या दुकानात काय ठेवलंय? परवा मावशीनेही तेच विचारलं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय.

या दुकानाचा मालक जोएल रस १९०७ साली गॅलिशिया या तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या प्रांतातल्या एका गावातून इथे आला, ते गाव आता पोलंडमध्ये येतं. बहीण आधीच आलेली, ती पिंपातून हेरिंग मासे विकायची, तिच्या हाताखाली लागला. मग सुक्या अळंब्यांच्या माळा खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरला, पैसे साठवून हातगाडी घेतली आणि १९१४ मध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवर दुकान टाकलं. १९२० ला ते ईस्ट हाउस्टन स्ट्रीटवर हलवलं, आजही तिथेच आहे. हेरिंग म्हणजे आपल्या खारवलेल्या बांगड्यासारखा गरिबाचा मासा, मिठात टिकणारा, एक तुकडा आणि पाव असला की जेवण भागायचं. लोक अशा सगळ्या दुकानांना सरसकट डेली म्हणतात, पण कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे पॅस्ट्रामी वगैरे मांसाचं ते डेलीत, आणि मासे, क्रीम चीज हे अशा वेगळ्या दुकानात, कारण मासा दुधाबरोबर चालतो.

आता मुद्द्याचं. जोएलला मुलगा नव्हता. हॅटी, आयडा आणि अ‍ॅन, तीन मुली. शाळकरी वयापासून तिघी दुकानात राबायच्या, पिंपात हात घालून हेरिंग काढायच्या, शाळा संपल्यावर तर पूर्णवेळ तिथेच, पुढे जावईही दुकानात आले. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं बापाला फारसं जमत नसे, ते मुलींनी सांभाळलं. १९३५ मध्ये त्याने मुलींना भागीदार केलं आणि पाटी बदलून 'अँड डॉटर्स' लिहिलं. त्या काळी! मुलगा असता तर पाटी वेगळी असती, असं लोक म्हणतात, मलाही तसंच वाटतं, तो काही समाजसुधारक नव्हता, त्याची गरज होती. पण गरज कितीतरी बापांना असते, मुलींना राबवून घेतात आणि नाव मात्र पुतण्याचं लावतात.

आमचं चिपळूणला किराणा दुकान होतं. शाळेतून आलं की मी आणि ताई डाळ-साखरेच्या पुड्या बांधायला बसायचो, उधारीची अख्खी वही ताईच्या अक्षरात असायची. पाटीवर 'बंधू' होतं, दुकान पुढे चुलतभावाकडे गेलं, आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही आणि विचारायला हवं होतं हे तेव्हा आम्हालाही सुचलं नाही. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मी फूटपाथवरच रडले, ताईला फोटो पाठवला, तिने लगेच फोन केला आणि कितीतरी वेळ आम्ही वहीबद्दलच बोलत होतो.

आत गेलात की नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि काउंटरजवळ उभं राहून सामन मासा कापताना बघायचा. लांब, पातळ सुरी जवळजवळ आडवी धरून शेपटीच्या दिशेने हलकेच ओढतात, काप इतका तलम निघतो की आरपार सुरीचं पातं दिसतं. मशीन नाही, हातानेच. २००९ पासून चौथी पिढी दुकान बघतेय, जोएलची पणती आणि तिचा आतेभाऊ, म्हणजे मुलींच्या बाजूनेच चालत आलेलं.

तर मावशी, तू येशील तेव्हा मधल्या वारी सकाळी जाऊ, रविवारी फार गर्दी असते. सामन महाग आहे, आपण एक बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) दोघींत घेऊ, पण हेरिंग मात्र खायचाच, कांदा घालून. आणि ताईला घेऊनच ये.