सकाळी यमन गायला तर काय होतं?

क्लासला पोराचं नाव घालायला आलेले वडील असोत की किराणा दुकानात भेटलेले काका, गाणं शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला, कारण यमन हा दिवेलागणीनंतरचा राग. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: काही होत नाही. परीक्षेला दुपारी तीन वाजता, बाहेर भुसावळचं ऊन रणरणत असताना, पोरं एकाच बैठकीत सकाळचा भैरव, रात्रीचा भूप आणि यमन गाऊन जातात. आजवर कुणाला ताप आलेला नाही.

यावर पुढचा प्रश्न येतो, मग वेळ पाळायचीच कशाला? इथे मला पेटी उघडावी लागते.

भूप आणि देशकार. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. भूप गंधारावर (ग) टेकतो, खालच्या अंगात रमतो. देशकाराचा जीव धैवतात (ध), त्याची ओढ वरच्या षड्जाकडे (सा). पूरिया आणि सोहनीचंही तसंच. स्वर सारखे, पण पूरिया दिवेलागणीला मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, घुटमळतो आणि सोहनी उत्तररात्री वरच्या, तार सप्तकात चमकते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी (१८६०–१९३६) याचीच पद्धत बांधली: वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असेल तर राग साधारण दुपारी बारा ते रात्री बाराचा, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असेल तर पुढच्या बारा तासांचा. (त्यांनी हे सगळं मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिलं. म्हणजे विचारणारे तेव्हाही होते.) अपवाद भरपूर आहेत, तेही त्यांना माहीत होते.

निसर्गानेच ही वेळ ठरवली असं कुणी म्हणालं की मी हंसध्वनीकडे बोट दाखवतो. तो कर्नाटक संगीतातून आपल्याकडे आला. तिकडे वेळेचं बंधन एवढं कडक नाही. इकडे आला आणि त्याला रात्रीची वेळ मिळाली. कुणी दिली? गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीच.

आपल्या खान्देशात हे नवीन वाटायला नको. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी आखाजीलाच, झोक्यावर. कानबाईची श्रावणात, गुलाबाईची भादव्यात. माझी आजी जात्यावरची ओवी दुपारी म्हणून दाखव म्हटलं की हसायची. तिला शब्दच आठवायचे नाहीत. पहाटे जात्याचा खुंटा हातात आला की आपोआप यायचे. रागाची वेळ मला तशीच वाटते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वेळी ऐकून कानाला लागलेलं वळण. ते मोडता येतं, पण मोडून हाती काय लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

ऋतूंचं म्हणाल तर वसंत-बहार वसंतात, मल्हार पावसाळ्यात. मल्हाराने पाऊस पडतो यावर माझा विश्वास नाही. पडत असता तर धुळ्याकडच्या शेतकऱ्याने गवयी सालदार ठेवला असता. पण पहिला पाऊस पडून काळ्या मातीचा वास सुटला की मिया मल्हारातले ते दोन निषाद (कोमल आणि शुद्ध नि) एकमेकांना लागून घेताना पोरांना समजावावं लागत नाही. मे महिन्यात तासभर शिकवूनही ते नुसते दोन स्वर राहतात. मे महिन्याचा आपला राग म्हणजे वृंदावनी सारंग. गंधार नाही, धैवत नाही, भर दुपारच्या रस्त्यासारखा मोकळा.

खरी अडचण रात्रीच्या रागांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. त्यामुळे दरबारी साडेआठला ऐकायचा, चहावाल्याच्या कपांच्या आवाजात.

मारव्याबाबत मात्र मी हट्टी आहे. पंचम (प) नाही, षड्जावर टेकायचं तेही टाळत टाळत, कोमल रिषभाची (रे) सारखी हुरहुर. परवा एक मुलगी सकाळी आठला वही घेऊन आली, म्हणाली, सर, आज मारवा सुरू करू या. म्हटलं, सूर्य मावळताना ये.