स्टब्स कमावण्याचा हिशेब

फोंड्यात पावसाळ्यात संध्याकाळचे बाहेर जाणे थांबते, तेव्हा मी ‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधला, खेळाडूंची कार्डे जमवून संघ बांधायचा डायमंड डायनॅस्टी हा विभाग खेळतो आणि त्यातले स्टब्स, म्हणजे खेळातले चलन, खरे पैसे न घालता कमावतो. त्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो खेळाडूंच्या कार्डांचा बाजार, कारण तिथे विकत घेण्याची मागणी आणि विक्रीचा भाव यांत बरेचदा मोठी फट असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागणार नाही.

मात्र प्रत्येक विक्रीवर १० टक्के कर कापला जातो, हे नवखे हमखास विसरतात. १,००० स्टब्सला मागणी लावून मिळवलेले कार्ड १,३०० ला विकले, तर १३० करात जाऊन १७० उरतात; तेच १,१०० ला विकले, तर हाती ९९० येतात आणि १० चा तोटा होतो. म्हणून १,२०० च्या आसपास भाव दिसत नसेल, तर मी त्या कार्डाकडे फिरकतही नाही. शिवाय लावलेली मागणी खेळ बंद असतानाही बाजारात राहते, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटते.

याच विभागातल्या कॉन्क्वेस्ट या, नकाशावर प्रदेश जिंकत जाण्याच्या प्रकारात सामने तीनच डावांचे असतात आणि नकाशातल्या काही षटकोनांखाली बक्षिसे दडलेली असतात. तेवढ्यासाठी तो खेळावा. स्टब्स देऊन, आत कोणती कार्डे निघतील हे ठाऊक नसलेली पाकिटे फोडण्याच्या नादी मात्र लागू नये, हवे ते कार्ड सरळ बाजारातूनच घ्यावे.