म्हशी परतेपर्यंत

२०२१ च्या जूनची सुरुवात. शाहूवाडी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर कोविशिल्ड द्यायला निघालो होतो. मी उपकेंद्राची आरोग्यसेविका, सोबत आशाताई आणि खांद्यावर व्हॅक्सिन कॅरिअर घेतलेले आरोग्यसेवक. डांबरी संपली की पुढं चढण, झाडी आणि एक ओढा.

लसीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, १० डोस. उघडली की चार तासांत संपवायची, उरेल ते वाया. तेव्हा ४५ च्या पुढच्यांनाच लस होती, आणि वाड्यावरची बहुतेक जाणती माणसं सकाळीच म्हशींमागं गेलेली. एक म्हातारे मामा म्हणाले, "बाई, म्हशी दुपारला येत्यात. तवर बाटली फोडू नगा."

थांबलो. त्या वेळात मामांनी पहिल्या लॉकडाऊनचं सगळं सांगितलं. खालच्या गावानं वाटेवर काट्या टाकल्या, दूध घालायला जाता येईना. मग दुधाचं तूप केलं. मीठ-चहापूड एकटाच माणूस आणायचा. मुंबईहून पोरं आली ती चौदा दिवस माळावरच्या रिकाम्या गोठ्यात राहिली. भाकरी दगडावर ठेवून घरचे मागं सरायचे. ही शिस्त आम्ही शिकवलेली नव्हती. पहिल्या वर्षी वाड्यावर कुणी आजारी पडलं नाही, त्याचं श्रेय त्यांचंच.

पण दूर असण्याचं कौतुक मला एवढ्यापुरतंच. इथं कुणाला धाप लागली तर आधी डोलीतून डांबरीपर्यंत आणायचं, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे मोठं सरकारी रुग्णालय. ऑक्सिजन वाड्यावर चढवता येत नाही. लस चढवता येते.

दुपारी माणसं आली. तरी दहा भरेनात, म्हणून एक पोरगा पलीकडच्या वाड्यावर पळाला. तिथले तिघं आल्यावरच मी व्हायल उघडली. लसीच्या ऑनलाइन नोंदणीत तेव्हा एका मोबाईल नंबरवर चौघांचीच नोंद व्हायची, मोबाईल मोजके आणि रेंज नाहीच. नावं वहीत लिहून घेतली.

खरा पेच दुसऱ्या डोसाचा. मे महिन्यातच अंतर वाढून १२ ते १६ आठवडे झालं होतं. ८४ दिवस धरले तर ऑगस्टअखेर. मामांनी मान हलवली, "तवा वढा उतरू देत न्हाई." मी तालुक्याला कळवलं की या वाड्याची तारीख ओढा बघून धरू, सोळा आठवड्यांच्या आत. ते मान्य झालं. सप्टेंबरात उघडीप मिळाली तशी ती सगळी माणसं, म्हशी पोरांवर सोडून, खालच्या शाळेत सकाळीच येऊन बसली होती.