तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी कागदं रद्दीत का घालत नाहीत?

सकाळी रंकाळ्यावर चालायला गेलं की कुणीतरी गाठतंच, 'अण्णा, एवढी वर्षं सरकारी ऑफिसाच्या रेकॉर्डरूममधे काढलीत, ती जुनी कागदं सरळ रद्दीत का घालत नाहीत हो?' रोज तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

घालायचीच असतात की! फाईल निकाली निघाली की तिला वर्ग द्यायचा, अ म्हणजे कायम ठेवायची, ब असेल तर 30 वर्षं, क असेल तर 10, क-1 असेल तर 5 आणि ड म्हणजे 1 वर्ष झालं की संपलं. किरकोळ रजेचा अर्ज आणि जन्म-मृत्यूचं रजिस्टर एकाच भावात तोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुदत संपली की यादी करायची, ऑफिसप्रमुखाची मंजुरी घ्यायची, ऑडिट, कोर्टकेस नाहीतर माहिती अधिकाराचं अपील चालू असेल त्याला हात लावायचा नाही, बाकीचं नष्ट करून तशी नोंद ठेवायची. झालं.

पण करतंय कोण? यादीवर सही करायची म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात. 'उद्या साहेबांनी मागितलं तर?' मग राहू दे, पुढचा बघेल. असं करत करत ड चे गठ्ठे वीस-वीस वर्षं रॅकवर ऐसपैस बसतात आणि नवीन बस्ते येतील ते जमिनीवर. बरं, स्कॅन करा म्हणणारे पण भेटतात, करा की, पण यादीच नसेल तर स्कॅनमधे तरी काय शोधणार कप्पाळ.

2019 च्या ऑगस्टमधे पंचगंगा चढली तेव्हा नदीकाठच्या एका ऑफिसातली रेकॉर्डरूम आवरायला आम्हाला बोलावलेलं. वरच्या रॅकवर कोरडं ठणठणीत काय होतं सांगू? जुन्या मीटिंगांच्या चहाची बिलं, रजेचे अर्ज, माहितीसाठी म्हणून आलेली सर्क्युलरं. आणि खाली चिखलात जन्म-मृत्यूची रजिस्टरं, अ वर्गातली. पाणी मुरून नुसती वीट झालेली. पंख्याखाली वाळवली, पानाआड पान टीपकागद घातले, तरी निम्मी शाई पसरलीच. रद्दी न काढल्यामुळं गेली ती, पुराला काय बोलायचं.

पुढं 2023 ला कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तेव्हा एकजण पणजोबांचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून त्याच ऑफिसात आला. त्या सालाचं रजिस्टर त्याच विटेतलं. मला फोन आला म्हणून गेलो, पातळ पट्टी घालून हळूहळू पानं सोडवत बसलो, दिवसभरात सहा सुटली. पणजोबा काय सापडले नाहीत. बाकीची पानं अजून तशीच चिकटून आहेत, आणि चहाची बिलं वरच्या रॅकवर.